ताईची उधारीची वही

ताईच्या दुखण्याला आमच्या घरात तीन नावं होती: पॅसेंजर, जीटी आणि मालगाडी.

आमचं घर बल्लारपूरचं, रुळाच्या अंगाला. (गाव बल्लारपूर, स्टेशन बल्लारशा. बाहेरच्या माणसाचा यात घोळ होतोच.) दिवसरात्र गाड्यांची धडधड, आणि वारा फिरला की कागद कारखान्याचा तो उकडलेल्या कोबीसारखा वास. पॅसेंजर म्हणजे सांध्यासांध्यावर थांबत जाणारं दुखणं. आज मनगट, उद्या कोपर, परवा गुडघा. पॅरासिटामॉल घ्यायची, गरम पाण्याची पिशवी धरायची, शाळा बुडवायची. जीटी (ती दिल्ली-चेन्नई एक्सप्रेस) म्हणजे धाडकन येऊन भिंती हादरवून जाणारं. आणि मालगाडी म्हणजे न संपणारं. लहानपणी आम्ही दोघं मालगाडीचे डबे मोजायचो. अठ्ठावन्न, एकोणसाठ, तरी गार्डाचा डबा काही येत नाही. तसं. मालगाडी लागली की बाबा एक शब्द न बोलता लुंगी सोडून पँट चढवायचे. म्हणजे दवाखाना.

नावं तिनंच ठेवलेली, चौथीत असताना. डॉक्टर विचारायचे, "कसं दुखते बेटा?" ही म्हणायची, "मालगाडी." डॉक्टर आईच्या तोंडाकडं पाहायचे.

पॅसेंजर ती खोटीही लावायची, हेही सांगून टाकतो. भांडी घासायची पाळी आली, पाव्हणे येणार म्हणून अंगण सारवायचं निघालं, की हिचं सुरू: "मायबाई, पॅसेंजर लागली वाटते." मग भांडी माझ्या गळ्यात. त्यावरून मी तिच्याशी कडाकडा भांडलोय. पण खरं-खोटं ओळखायची खूण मला सहा-सात वर्षांचा असतानाच सापडली होती. ताई ओरडत असली की नाटक, गप्प झाली की खरं. खरं दुखणं आलं की ती भिंतीकडं तोंड करून पडायची, पायाचे अंगठे आवळून, आणि बोलणंच बंद. ही खूण घरात सगळ्यांना ठाऊक होती. दवाखान्यात कुणालाच नव्हती.

तेव्हा आजाराचं नावही आम्हाला माहीत नव्हतं. ती नऊ-दहा महिन्यांची असताना हातापायांचे पंजे सुजले होते. आई सांगते, बोटं अशी फुगली की बांगडी कापून काढावी लागली. मग डोळे पिवळे. डोळे पिवळे म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे माळ. डोक्यावर ठेवलेली माळ आपोआप वाढत वाढत पायांपर्यंत उतरली की कावीळ उतरली, असा हिशेब. ताईनं अशा तीन माळा उतरवल्या. तिसऱ्या वेळी माळ देणाऱ्या बाबालाच विचारलं, "माळ तर उतरते, मग डोळे काहून नाही उतरत?" बाबानं आईकडून अकरा रुपये घेतले आणि पोरगी तोंडाळ आहे म्हणाला. त्याचं निदान तेवढंच बरोबर निघालं.

खरं निदान १९९९ साली झालं, नागपुरात, ती अकरा वर्षांची असताना: सिकलसेल. एका शिकाऊ डॉक्टरीण बाईंनी तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, गाव विचारलं, पोट दाबून पाहिलं आणि रक्त काढलं. मग आमचंही काढलं. ताईचा पॅटर्न एसएस. आई एएस, बाबा एएस, मी एएस. आमच्या भागात 'पॅटर्न' म्हटलं की कपड्याचा नाही, रक्ताचा. घरी येईपर्यंत बाबांच्या डोक्यात होतं की हे आईच्या माहेरचं आहे, आणि आईच्या डोक्यात होतं की हे बाबांच्या घराण्यातलं आहे. पण कागदावर दोघांचं अगदी सारखं आलेलं, त्यामुळं भांडायलाही जागा उरली नाही. तीन दिवस नुसते गप्प बसले. चौथ्या दिवशी बाबांनी चहा केला आणि आईला दिला. बाबांना चहा करताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

सिकलसेलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुण्यात ऑफिसमध्ये मी हा शब्द उच्चारला की अजूनही लोक विचारतात, "म्हणजे ब्लड कॅन्सर का?" नाही. रक्तातली तांबडी पेशी गोल असते; हिची विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक नळ्यांमध्ये अडकते. जिथं अडकते तिथं रक्त पोचत नाही, आणि जिथं रक्त पोचत नाही तिथं मालगाडी. धडधाकट पेशी १२० दिवस जगते, ताईची जेमतेम दहा-वीस दिवस. म्हणून रक्त कायम कमी, आणि मोडलेल्या पेशींमुळं डोळे कायम पिवळे. आईबापांपैकी एकाकडून हा दोष आला तर माणूस एएस, म्हणजे वाहक. त्याला फारसं काही होत नाही, उलट मलेरियापासून बचाव होतो. दोघांकडून आला तर एसएस. कुणाकडूनच नाही आला तर एए. आमच्या चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात गोंड, माडिया, आम्ही बौद्ध, आणखी कितीक जाती, ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या कडेला डासांत गेल्या, त्यांच्यात हा आजार मुरलेला आहे. पूर्वजांनी डासांशी एक सौदा केला, त्याचे हप्ते ताईच्या वाट्याला आले. हा आजार ज्या वस्त्यांमध्ये आहे, त्या दुसऱ्या असत्या तर इतकी वर्षं 'ब्लड कॅन्सर का' असं विचारलं गेलं असतं का, याची मला शंका आहे. असो.

औषध म्हणजे फॉलिक अॅसिडची बारकी पिवळी गोळी, रोज, जन्मभर. पुढं, वीस-एकविसाव्या वर्षी, हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल सुरू झाल्या. आईच्या पोटात असताना बाळाचं जे हिमोग्लोबिन असतं, ते या औषधानं पुन्हा वाढतं आणि पेशी कमी वाकड्या होतात. त्यानं तिच्या मालगाड्या खूप कमी झाल्या, वर्षाला आठ-नऊवरून दोन-तीनवर आल्या. बाकी मुख्य औषध पाणी. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी अडकतात, आणि आमचा उन्हाळा तर ४६-४७ अंशांचा. तिच्या खांद्याला दोन लिटरची बाटली कायम. चार लिटर पाणी प्यायचं म्हणजे चार लिटरची सोयही लागते. कोणत्या एसटी स्टँडवरचा संडास धड आहे, कोणत्या शाळेत बाहेरच्या बाईला जाऊ देतात, कोणत्या पेट्रोल पंपावर चावी मागावी लागते, हे तिला जिल्हाभराचं पाठ होतं. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर ऑक्टोबरात आम्ही दरवर्षी जायचो. लाखोंची गर्दी. सगळे आधी पुस्तकांच्या स्टॉलकडं वळायचे, ही आधी ठिकाण हेरून यायची आणि मग म्हणायची, "चला, आता बाबासाहेब."

आता वहीकडं येतो.

हिमोग्लोबिन पाच-साडेपाचवर आलं की रक्त चढवावं लागायचं. आज सरकारी रक्तपेढीत सिकलसेलच्या पेशंटला रक्त मोफत मिळतं. तेव्हा आमच्या वाट्याला जे यायचं ते असं: एक पिशवी न्या, बदल्यात रक्त देणारा एक माणूस आणा. ते माणूस आणणं माझं काम. माझं स्वतःचं रक्त पॅटर्न सांगितला की नको म्हणायचे. मग मी सायकल काढायचो. रेल्वे गेटवरचे काका, बाबांच्या पाळीतले कामगार, माझ्या क्रिकेटच्या टीमचा विकेटकीपर, स्टेशनवर समोसे विकणारा एक जण, विहारात वंदना घेणारे गुरुजी. "ताईले रक्त पाह्यजे" एवढंच म्हणायचो. काही जण लगेच चप्पल घालायचे. काही जण दाराआडून बायकोला "नाहीत म्हणून सांग" असं म्हणायचे, ते मला ऐकू यायचं. आणि एक जण तर सुईला इतका भ्यायचा की रक्त देऊन झाल्यावर त्यालाच पलंगावर झोपवून ताईची बिस्किटं खाऊ घालावी लागली.

या प्रत्येकाचं नाव ताई लिहून ठेवायची. किराणा दुकानात असते तसली लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची वही. तारीख, नाव, पिशव्या किती, आणि शेवटच्या रकान्यात 'फेडलं' अशी बरोबरची खूण. फेडायची कशानं? दहावीनंतर ती शिलाई शिकली होती. ज्यानं रक्त दिलं त्याच्या घरातल्या बाईचं एक ब्लाऊज फुकट. अस्तराचं असलं तरी फुकट, फक्त अस्तर त्यांनी आणायचं. फुकटातही ती कंजूषच. लग्न न झालेल्यांच्या आईचं ब्लाऊज. गुरुजींच्या घरी शिवण्यासारखं कुणी नव्हतं, तर त्यांच्या नातवाला वर्षभर गणित शिकवलं. मी एकदा म्हटलं, "ताई, हे दान असते, उधारी नाही." तर म्हणाली, "तुले दान वाटते. अंगात तर माझ्या फिरून राहिलं ना ते."

पुढं, सव्विसाव्या वर्षी, तिच्या उजव्या खुब्याचं हाड रक्ताअभावी झिजलं आणि ती लंगडायला लागली. पायानं मशीन मारणं बंद झालं. भाऊजींनी मशीनला मोटार बसवून दिली. भाऊजी वायरमन आहेत, आणि माझ्या मते सगळ्या तालुक्यात तेवढा एकच माणूस तिला पुरून उरणारा होता.

ते लग्न कसं जमलं ते सांगायलाच हवं. आरोग्य खात्याच्या मोहिमेत तेव्हा कार्डं मिळाली होती. रुग्णाला लाल, वाहकाला पिवळं. आमच्याकडं बहुतेक घरांत लाल कार्ड कपाटात साड्यांच्या तळाशी जातं आणि लग्न झाल्यावर बाहेर निघतं. ताईनं ते पोह्यांच्या ट्रेमध्ये ठेवलं. चार बशा पोहे, वरून सांबार भुरभुरलेला (आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर), आणि पाचव्या बशीच्या जागी लाल कार्ड. पहिल्या पाव्हण्यांना म्हणाली, "माझा पॅटर्न एसएस आहे. तुमचा काय?" मुलगा म्हणाला, "मी बी.कॉम. आहे." दुसरे पोहे न खाताच उठले. तिसऱ्यांच्या मामानं आम्हाला प्रामाणिकपणाबद्दल पाच मिनिटं शाबासकी दिली आणि नंतर फोन उचलला नाही. चौथ्या खेपेला वरोऱ्याहून भाऊजी आले. कार्ड उचललं, दोन्ही बाजू वाचल्या. विचारलं, "लागट आहे का?" ती म्हणाली, "नाही." म्हणाले, "मग पोहे थंडे होऊन राहिले ना." आठ दिवसांनी स्वतःची तपासणी करून रिपोर्ट घेऊन आले. एए.

आई एसएस आणि बाप एए म्हणजे लेकरू नक्की एएस. एसएस होणं शक्यच नाही. हे गणित ताईनं लग्नाआधी सासूबाईंना अंगणात काडीनं मांडून दाखवलं. त्यांना कितपत समजलं कोण जाणे, पण त्या म्हणाल्या, "पोरगी हिशेबाची पक्की आहे."

लेकरासाठी हायड्रॉक्सीयुरिया तीन महिने आधी बंद करावं लागलं आणि मालगाड्या पुन्हा सुरू झाल्या. त्या नऊ महिन्यांत वहीत अकरा नावं चढली. डॉक्टरांनी धोका आहे असं स्पष्ट सांगितलं होतं; भाऊजींनी नको म्हटलं होतं, आईनं तर पाय धरायचं बाकी ठेवलं होतं. मीही फोनवर ओरडलो होतो. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि स्वतःचंच केलं. यात तिचं चुकलं का, हे मी मनातल्या मनात पुष्कळदा तोलून पाहिलंय. समोर भाची बसलेली असताना तोलता येत नाही. जानेवारी २०१३ मध्ये छत्तिसाव्या आठवड्यात सिझर झालं, वजन दोन किलो शंभर ग्रॅम. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "डोळे पांढरे आहेत ना?"

पांढरेशुभ्र होते.

नंतरची साडेसहा वर्षं बरी गेली, म्हणजे आमच्या हिशेबानं बरी. तिला माणसं 'बिचारी' म्हणायची ते तिला खपायचं नाही, आणि 'लढवय्यी' म्हटलेलं तर त्याहून खपायचं नाही. "लढाई कायची जी? पाणी पीत बसते मी तर." सिकलसेलच्या पेशंटला एसटीत मोफत प्रवास सुरू झाला तेव्हा ती विनाकारण बसनं फिरायला लागली. एकदा मी सोबत होतो. कंडक्टर म्हणाला, "चांगल्या तर दिसून राहिल्या मॅडम, कुठं आहे आजार?" हिनं सगळ्या बसच्या देखत खालची पापणी ओढून पिवळा डोळा दाखवला. म्हणाली, "हा पाहा सिग्नल." कंडक्टरनं शून्याचं तिकीट फाडलं आणि वरोऱ्यापर्यंत आमच्याकडं पाहिलं नाही. ती मात्र विजयी मुद्रेनं शेंगदाणे खात होती आणि मला एक दाणा दिला नाही.

सप्टेंबर २०१९. पाऊस लांबला होता. तिला ताप आला, मग छातीत दुखायला लागलं. एका दवाखान्यात नेलं. तिथं ड्युटीवर असलेल्या डॉक्टरनं लाल कार्ड पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. ती भिंतीकडं तोंड करून गप्प पडलेली. तो भाऊजींना म्हणाला, "एवढं दुखत असतं तर पेशंट शांत पडला असता का?" गॅसची गोळी आणि एक इंजेक्शन देऊन सकाळी या म्हणून सांगितलं. हे तिच्या बाबतीत पहिल्यांदा झालं नव्हतं. याआधीही तिला दुखण्याचं नाटक करते, इंजेक्शनची सवय लागली आहे, असं ऐकवलेलं आहे, आणि ऐकवणारे सगळे वाईट नव्हते. त्यांना ओरडणारा पेशंट समजायचा, गप्प बसणारा समजायचा नाही.

पण त्या डॉक्टरवर राग काढून मला सुटता येत नाही. त्याच रात्री साडेनऊला मी पुण्याहून फोन केला होता. ती म्हणाली, "पॅसेंजर आहे." मी म्हटलं, "नक्की?" ती म्हणाली, "हं." एरवी माझा फोन म्हणजे पाऊण तास: पगार किती वाढला, बायकोशी भांडलास का, हडपसरला सांबार काय भाव. त्या रात्री एक मिनिट आणि काही सेकंद. कॉल लॉगमध्ये होतं, पुढं फोन बदलला तेव्हा गेलं. खूण मला माहीत होती. सहा-सात वर्षांचा असल्यापासून माहीत होती. मी "बरं, झोप मग" म्हटलं आणि मॅच लावली.

पहाटे श्वास लागला. वरोऱ्याहून नागपूर शंभरेक किलोमीटर. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसं पांढरी. याला छातीतला क्रायसिस म्हणतात. तिथल्या नळ्यांमध्ये पेशी अडकतात आणि ऑक्सिजन कमी झाला की आणखी पेशी वाकड्या होतात. रक्त बदललं, व्हेंटिलेटर लावला. तीन दिवस. मी पोचलो तेव्हा ती बोलू शकत नव्हती, पण पायाचे अंगठे मी पाहिले. आवळलेले नव्हते. ते औषधामुळं होतं हे मला नर्सनं नंतर सांगितलं. न सांगती तर बरं झालं असतं.

ती एकतीस वर्षांची होती. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बोलायला उभे राहिलेले सगळे तिला झुंजार, लढाऊ म्हणत होते. आई पांढऱ्या लुगड्यात पुढं बसलेली, ती माझ्या कानात म्हणाली, "ऐकलं असतं तर उठून गेली असती."

जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलला केंद्र सरकारची सिकलसेल मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत आजार संपवायचा म्हणून. १९ जूनला, जागतिक सिकलसेल दिनाला, आता गटागटांत चांगले मेसेज फिरतात. लग्नाआधी पॅटर्न तपासा, असं पोस्टर आमच्या आरोग्य केंद्रात लागलंय. चांगलंच आहे. मीही पुढं पाठवतो.

वही भाऊजींनी मला दिली. एकूण ८७ नावं. त्यातली ८४ फेडलेली, तीन बाकी. त्यातला एक गाव सोडून गेला, पत्ता लागला नाही. दुसरे वारले होते. तिसरा स्टेशनवरचा समोसेवाला. शेवटचं रक्त त्यानं ऑगस्ट २०१९ मध्ये दिलेलं. त्याच्या नावासमोर बायकोची मापं: छाती छत्तीस, बाही नऊ, गळा पाठीमागं पानाचा. कापड ताईच्या ट्रंकेत तसंच, जांभळं, खडूच्या खुणा केलेलं, कात्री न लागलेलं. वर टाचणीनं चिठ्ठी.

यंदा मे महिन्यात मी आणि भाची ते कापड घेऊन गेलो. भाची बारा वर्षांची आहे. तिला अजून सरळ शिलाईसुद्धा येत नाही, पण मशीन कुणाला हात लावू देत नाही. समोसेवाल्याच्या बायकोला मी सगळं सांगितलं. शिंप्याकडून शिवून आणून देतो म्हटलं. त्यांनी कापडावरून हात फिरवला, खडूच्या खुणा पाहिल्या आणि हसायलाच लागल्या. "काय सांगू भाऊ, हे आता मले कुठं होते? सहा वर्षं झाली."

भाचीनं पिशवीतून टेप काढली. त्यांना हात वर करायला लावले, मागून पुढून गुंडाळली, डोळे बारीक करून आकडा वाचला. मग वही माझ्या हातातून घेतली, छत्तीसवर काट मारली आणि बाजूला लिहिलं: साडेएकोणचाळीस.